वेदना परत येते तेव्हा

मे महिन्याचा शेवट. कोकणातलं एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे अकरा वाजलेत, उकाडा मी म्हणतोय, आणि एकाच जीपमधून दोन पेशंट येतात. दोघांनाही विंचू चावलाय.

पहिला तिशीतला गडी. पायाचा अंगठा दोन्ही हातांनी आवळून तो असा ओरडतोय की आवारातली कुत्री जागी झालीत. दुसरी सात-आठ वर्षांची मुलगी. आईच्या खांद्यावर मान टाकून गप्प पडलीय. वाटेत दोनदा उलटी झाली. झगा घामानं इतका भिजलाय की पिळला तर पाणी निघेल. तळहात गार, पावलं गार. कुठे चावला विचारलं तर बोट पुढे करते, पण रडत नाही. आई म्हणते, "मघा लय रडली डॉक्टर, आता गप झाली. उतार पडलाय वाटतं."

डॉक्टर एकटाच आहे. त्यानं आधी कुणाकडे वळायचं?

माणसाचा स्वभाव असा की जो ओरडतो त्याच्याकडे लक्ष जातं. इथे मात्र ओरडणाऱ्याला थोडा वेळ थांबवलं तरी चालतं. त्याला अंगठ्याच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन मिळालं की कळ ओसरेल, रात्रभर नजरेखाली ठेवलं की सकाळी चालत घरी जाईल. गप्प झालेली मुलगी मात्र धोक्याच्या दारात उभी आहे. तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर काही तासांत तिला धाप लागेल, खोकल्याबरोबर फेस येईल आणि मग हातात फारसं काही उरणार नाही.

आज हे वैद्यकाच्या पुस्तकात दोन-चार ओळींत सापडतं. पण त्या ओळी कुणीतरी, कुठेतरी, पेशंटच्या उशाशी जागून मिळवलेल्या आहेत. वैद्यकीय संशोधन म्हटलं की आपल्याला काचेच्या नळ्या, पांढरे डगले, परदेशातली प्रयोगशाळा आठवते. या प्रकरणातलं संशोधन घडलं ते महाडच्या परिसरात. त्याची साधनं होती घड्याळ, स्टेथोस्कोप, रक्तदाबाचं यंत्र आणि कागद.

लाल विंचू आणि उतरवणारे

आपल्याकडे विंचवांच्या पुष्कळ जाती आहेत, आणि त्यांच्याबद्दलचा आपला अंदाज बहुधा उलटा असतो. ज्याला बऱ्याच भागात इंगळी म्हणतात तो मोठा, काळा, जाडजूड आकड्यांचा विंचू बघितला की अंगावर काटा येतो. त्याचा दंश दुखतो, पण सहसा जीव घेत नाही. जीव घेतो तो बोटाएवढा, तांबूस, दिसायला किरकोळ असा लाल विंचू. विंचवांच्या दुनियेत साधारण नियमच आहे. ज्याचे पुढचे आकडे दणकट, त्याचं भक्ष्य त्या आकड्यांतच चिरडलं जातं, म्हणून विष बेताचं. ज्याचे आकडे नाजूक आणि शेपूट जाड, त्याची सारी भिस्त नांगीवर.

हा लाल विंचू कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, पुढे कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू असा पसरलेला आहे. त्याला फटी आवडतात. जांभ्या दगडाचा गडगा, कौलांखालची जागा, लाकूडफाट्याचा ढीग, शेणी, भाताचा पेंढा, कोपऱ्यात पडलेली चप्पल अशा ठिकाणी तो दिवसभर दडून बसतो आणि रात्री भक्ष्याला बाहेर पडतो. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसाच्या सुमारास त्याचा वावर वाढतो. शेतकऱ्याच्याही दृष्टीनं पेंढा हलवायचे, लाकडं आत टाकायचे, कौलं शाकारायचे दिवस तेच. भेट ठरलेलीच.

विंचू चावला की पूर्वी, आणि काही ठिकाणी आजही, पहिली धाव विंचू उतरवणाऱ्याकडे. त्याची हेटाळणी करणं सोपं आहे. त्यापेक्षा त्याचं यश समजून घेणं जास्त उपयोगाचं आहे, कारण ते यश खोटं नाही. दहा जणांचा विंचू त्यानं उतरवला तर बहुतेकांना खरोखरच बरं वाटतं. कारण साधं आहे. बहुतेक दंशांत विष थोडं असतं किंवा विंचू साध्या जातीचा असतो, आणि कळ काही तासांनी आपोआप ओसरते. त्या वेळात मंत्र म्हटला तर श्रेय मंत्राला, पाला चोळला तर पाल्याला, सलाईन लावलं तर सलाईनला. आणि जो दगावतो त्याचं "विष चढलं होतं" किंवा "आणायला उशीर झाला" असं उत्तर तयारच असतं.

वैद्यकीय संशोधनाला ज्या प्रश्नानं सुरुवात होते तो इथेच दडलाय. हा उपाय केला नसता तर काय झालं असतं? मांत्रिक हा प्रश्न विचारत नाही. पण खरं सांगायचं तर पुष्कळ डॉक्टरही तो विचारत नाहीत.

बिरवाडीची रात्रपाळी

१९७६ साली एक तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. तेव्हा या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. एमबीबीएस नागपूरला झालेलं. बिरवाडीत त्यांना जे दिसलं त्याचा कॉलेजात शिकलेल्याशी मेळ बसेना. विंचवाचा दंश वेदनादायक, पण जिवावर बेतणारा नव्हे, असं शिकवलेलं. इथे तर धडधाकट माणसं आणि हसती-खेळती पोरं एका रात्रीत जात होती.

हे मृत्यू पहिल्यांदाच कुणी पाहिले असं मात्र नाही. १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी भरून होणाऱ्या अवस्थेबद्दल लिहिलं होतं. पण नियतकालिकात छापलेली गोष्ट खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत पोचायला दशकं लागतात. शिवाय मृत्यू कशानं होतो हे कळलं तरी तो कुणाला येणार, हे आधी कसं ओळखायचं?

या प्रश्नाला उत्तर एकच होतं. पेशंटजवळ बसायचं, बघायचं आणि लिहून ठेवायचं. ऐकायला हे फार सोपं वाटतं. पण दवाखान्यातला नेहमीचा केस पेपर आठवा. "विंचूदंश. इंजेक्शन दिले. प्रकृती गंभीर. पुढे पाठविले." एवढ्यातून काहीच शिकता येत नाही. शिकायचं तर रकाने वेगळे लागतात. दंश किती वाजता झाला? पहिली उलटी कधी? घाम कधी सुटला, कुठे सुटला? पावलं गार कधी पडली? नाडी किती, रक्तदाब किती, आणि तासाभरानं पुन्हा किती? एका पेशंटच्या अशा नोंदीतून गोष्ट कळते. पन्नास पेशंटांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांतून क्रम दिसू लागतो.

तो क्रम बावस्करांना दिसला. ज्यांच्या हृदयावर पुढे परिणाम होणार असतो, त्यांच्या अंगावर आधी काही खुणा उमटतात. उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, हातपाय गार पडतात आणि मुलग्यांत व पुरुषांत लिंग ताठ राहतं. ही शेवटची खूण घरचे लाजेनं सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरनं ती मुद्दाम बघायची. या पूर्वसूचक लक्षणांवरचं त्यांचं टिपण १९८२ मध्ये लंडनच्या 'द लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. आणखी एक विलक्षण गोष्ट नोंदींतून पुढे आली. ज्याला दंशाच्या जागी असह्य कळ आहे आणि बाकी काही नाही, तो बहुधा सुखरूप राहतो. ज्याच्या अंगात विषाचं थैमान सुरू होतं, त्याची दंशाची कळ मात्र मागे पडलेली असते.

संत एकनाथांचं विंचवावरचं भारूड महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? त्यातला विंचू काम-क्रोधाचा आहे, पण तो चावल्यावर अंगाला घाम सुटतो तो अगदी खऱ्या दंशासारखा. म्हणजे सोळाव्या शतकातल्या श्रोत्यांनाही विंचू आणि घाम यांचं नातं ठाऊक होतं. लोकांनी शतकानुशतकं पाहिलेल्या त्या घामाला वेळ, प्रमाण आणि अर्थ जोडला तेव्हा त्याचं निदान झालं.

वादळ

त्या मुलीच्या शरीरात नेमकं काय चाललेलं असतं?

आपल्या इच्छेवर न चालणारी कामं, म्हणजे हृदयाचे ठोके, घाम, लाळ, रक्तवाहिन्यांचं आकुंचन, ही स्वायत्त मज्जासंस्थेच्या ताब्यात असतात. तिच्या दोन शाखा आहेत. एक शरीराला शांतवते, ठोके मंदावते, लाळ आणि पचन सांभाळते. दुसरी संकटात लढायला किंवा पळायला तयार करते. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांवर काम करतं. सोडियमची दारं मिटायला हवीत तेव्हा ती उघडीच राहतात आणि पोटॅशियमची काही दारं अडतात. परिणामी मज्जातंतू थांबायचं विसरतात. संदेशामागून संदेश सुटत राहतो. दोन्ही शाखा एकाच वेळी पेटतात. डॉक्टर याला स्वायत्त मज्जासंस्थेचं वादळ म्हणतात.

सुरुवातीला उलटी, लाळ, घाम, कधी मंद नाडी दिसते. हा टप्पा थोडक्यात आटोपतो. त्यामागून खरा मारेकरी येतो. ॲड्रेनलिन आणि त्याच्या भाईबंद संप्रेरकांचा पूर लोटतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या जातात, म्हणून पावलं गार. रक्तदाब चढतो, ठोके धावतात. शेतातल्या पंपाचं उदाहरण घ्या. पंप पूर्ण जोरात चालू आहे आणि पुढचा पाइप कुणीतरी पिळून धरलाय. पाणी पुढे जात नाही, पंप तापतो, आणि पाणी मागच्या मागे तुंबतं. हृदयाचं तसंच होतं. पुढचा मार्ग आवळलेला, त्याविरुद्ध ढकलून ढकलून ते थकतं, आणि मागे तुंबलेल्या रक्तातलं पाणी फुफ्फुसांत झिरपतं. तोंडाला येणारा फेस तो हाच.

हे चित्र स्पष्ट झालं की जुन्या उपचारांचा हिशेबही लागतो. घाम आणि लाळ बघून ॲट्रोपिन द्यायची पद्धत होती. ॲट्रोपिन शांतवणारी शाखा बंद करतं. म्हणजे उतारावर सुसाट निघालेल्या गाडीचा ब्रेकच काढून टाकायचा. पेशंट थंड पडलाय म्हणून सलाईनच्या बाटल्या चढवायच्या, तर पाणी तुंबलेल्या फुफ्फुसांत आणखी पाणी. गुंगीच्या औषधांचं मिश्रण टोचायचं, स्टेरॉइड द्यायचं. हृदय थकलंय म्हणून त्याला जोर देणारं औषध द्यायचं, म्हणजे दमलेल्या बैलाला चाबूक. ही औषधं देणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. समोर मूल मरत असताना ते हाताशी असेल ते करत होते. पण आजार कसा चालतो हे कळल्याशिवाय केलेली धडपड कधीकधी आजाराच्याच बाजूनं लढते.

एक साधी गोळी

मग पाइपवरची पकड सैल कशी करायची?

बावस्कर मधल्या काळात पुण्याला एमडी करून परतले होते. थकलेल्या हृदयावरचा भार रक्तवाहिन्या सैल करून हलका करायचा, हा विचार तेव्हा हृदयविकाराच्या उपचारात रुजत होता. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे त्यासाठीचं प्रभावी औषध. विंचूदंशातही त्यानं फुफ्फुसातलं पाणी उतरतं, असा त्यांचा अनुभव होता. पण ते द्यायचं म्हणजे मोठी कसरत. शिरेतून थेंब थेंब सोडायचं, उजेडानं खराब होतं म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळायचा, आणि मिनिटामिनिटाला रक्तदाब बघत बसायचं, कारण थोडं जास्त झालं तर दाब धाडकन कोसळतो. शहरातल्या अतिदक्षता विभागात हे जमेल. पोलादपूर-महाडच्या घाटाखालच्या दवाखान्यात, एकट्या डॉक्टरला आणि दिव्यांचा भरवसा नसताना, कसं जमणार?

तेच काम तोंडावाटे करणारी एक गोळी बाजारात होती. तिचं नाव प्राझोसिन. १९७० च्या दशकात उच्च रक्तदाबासाठी आलेली, स्वस्त आणि दिसायला साधी. ॲड्रेनलिनचा पूर ज्या कुलपांत किल्ली घालून रक्तवाहिन्या आवळतो, ती अल्फा नावाची कुलपं प्राझोसिन अडवते. पकड सैल होते, हृदयापुढचा अडसर कमी होतो, तुंबलेलं पाणी ओसरू लागतं. गोळी दिल्यावर पेशंटला आडवंच ठेवायचं, उठून बसू द्यायचं नाही, कारण पहिल्या मात्रेनंतर दाब एकदम उतरू शकतो. हातपाय गरम होईपर्यंत ठरावीक तासांनी पुन्हा मात्रा द्यायची. १९८६ मध्ये या उपचाराबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहून आलं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीच्या भागीदार होत्या. पुढच्या कित्येक निबंधांवर दोघांची नावं आहेत.

बावस्करांनी पुढे मांडलेला हिशेब असा. प्राझोसिनच्या आधी, गंभीर लक्षणं असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. १९८४ पासून, म्हणजे ही गोळी वापरात आल्यावर, ते प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आलं.

चिकित्सक वाचकानं इथे क्षणभर थांबायला हवं. हा आकडा प्रभावी आहे, पण तो आधी आणि नंतर अशा तुलनेतून आलेला आहे. मधल्या वर्षांत रस्ते झाले, जिपा आल्या, लोक मांत्रिकाकडून लवकर सुटून दवाखान्यात येऊ लागले, घातक औषधं मागे पडली. मग श्रेय गोळीचं किती आणि जिपेचं किती? तुलना काटेकोर हवी तर एकाच काळात, एकाच दवाखान्यात, काहींना गोळी द्यायची आणि काहींना द्यायची नाही. पण ज्या आजारात दहातले तीन मरत होते, त्यात आपल्या पोराला "न देण्याच्या" गटात कोण टाकू देईल? आणि टाकणारा डॉक्टर रात्री झोपेल कसा? परिणाम इतका ठळक असताना, आणि गोळी का लागू पडते याचं शरीरशास्त्र इतकं नीट जुळत असताना, गावोगावच्या डॉक्टरांनी ती स्वीकारली. तो निर्णय शहाणपणाचाच होता. तरीही तुलनेचं ते देणं बाकी राहिलं होतं.

तीन देश, तीन उत्तरं

ते फेडायची वेळ आली विंचवाच्या लशीच्या निमित्तानं. बोलताना आपण तिला लस म्हणतो, पण ती आजार होऊ नये म्हणून टोचायची लस नव्हे. घोड्याला विषाच्या छोट्या मात्रा देत गेलं की त्याच्या रक्तात विषाला जखडणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. ती वेगळी काढून तयार होतं प्रतिविष. लाल विंचवाविरुद्धचं प्रतिविष मुंबईच्या हाफकिननं तयार केलं. त्याचं तत्त्व सरळ आहे. प्राझोसिन वादळाला आवर घालतं, तर प्रतिविष वादळ उठवणाऱ्या विषालाच धरतं. मग ते दिलंच पाहिजे, यात शंका कसली?

शंका होती. ट्युनिशियातही विंचूदंश मोठा प्रश्न आहे. तिथल्या डॉक्टरांनी ८२५ रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना प्रतिविष आणि निम्म्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्रव्य दिलं. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आला की विंचू चावलेल्या प्रत्येकाला सरसकट प्रतिविष देण्यात फायदा नाही. दहा वर्षांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनातून नेमकं उलटं उत्तर आलं. तिथे फक्त १५ मुलं होती, सगळीच अत्यवस्थ. प्रतिविष मिळालेली आठच्या आठ मुलं चार तासांत सावरली. न मिळालेल्या सातांपैकी तेवढ्या वेळात सावरलं एकच.

खोटं कोण बोलत होतं? कुणीच नाही. ट्युनिशियातल्या चाचणीत साध्या दंशाचेही पुष्कळ रुग्ण होते, जे काहीही न करता बरे होणारच होते. आपला विंचू उतरवणारा आठवतो ना? त्याला जे यश देतं, तेच इथे औषधाचा गुण झाकून टाकतं. ॲरिझोनातला विंचूही वेगळा. त्याच्या विषानं डोळे गरागरा फिरतात आणि हातपाय झटके देतात. त्याचा भर नसांवर, आपल्या लाल विंचवाचा हृदयावर. दुसऱ्याच्या विंचवाचं उत्तर आपल्या विंचवाला लागू पडेलच असं नाही. महाडचा प्रश्न महाडलाच सोडवायला हवा होता.

तो सोडवला गेला, आणि २०११ मध्ये 'बीएमजे'त, म्हणजे पूर्वीच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्येच, त्याचा निबंध आला. मुंडले यांच्या लेखानंतर बरोबर पन्नास वर्षांनी. चाचणीत वादळाची लक्षणं सुरू झालेले, पण अजून फुफ्फुसात पाणी न झालेले ७० रुग्ण घेतले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन आणि ३५ जणांना प्राझोसिन अधिक प्रतिविष. म्हणजे परिणामकारक ठरलेल्या गोळीपासून कुणालाच वंचित ठेवलं नाही. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. अशा चाचणीत ते चिठ्ठी टाकल्यासारखं, योगायोगानं ठरवायचं असतं. हा हट्ट कशासाठी? डॉक्टर दयाळू असतो म्हणून. त्याच्या हातात निवड दिली तर नवं औषध तो नकळत जास्त आजारी मुलाला देईल, किंवा आशा असलेल्याला देईल, आणि दोन्ही बाबतींत तुलना बिघडेल.

दहा तासांनी कोण पूर्ण सावरलं, हे मोजायचं होतं. घाम थांबला का, हातपाय गरम झाले का, नाडी आणि रक्तदाब जागेवर आले का? दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण सावरले होते. फक्त प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ एका गटात ८ तास, दुसऱ्यात सुमारे पावणेअठरा.

चाचणीला मर्यादा होत्या. कुणाला काय दिलंय हे डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही माहीत होतं, आणि घाम थांबला की नाही हे ठरवताना मनातली अपेक्षा नजरेत उतरू शकते. रुग्णही थोडे होते. पण मला या चाचणीतली सगळ्यात मोठी गोष्ट आकड्यांच्या पलीकडे दिसते. ज्या गोळीमुळे एका डॉक्टरचं नाव जगभर झालं, तीच एकटी पुरेशी आहे का, असा प्रश्न त्याच डॉक्टरनं विचारला. आणि उत्तर आलं की एकटीपेक्षा जोडीनं बरी. ते उत्तर त्यानं स्वतःच्या नावानं छापलं. मंत्राची अशी परीक्षा मांत्रिक घेत नाही. फरक आहे तो इथे.

चप्पल झटकण्याचं शास्त्र

सगळ्यात स्वस्त उपचार म्हणजे दंशच होऊ न देणं. त्यासाठी पुन्हा नोंदींकडेच जावं लागतं. दंश कुठे होतात? हातापायांवर. कधी? बहुतेक रात्री, नाहीतर फटीत हात घालायची कामं करताना. एवढं कळलं की उपाय आपोआप सुचतात. अंधारात अनवाणी बाहेर पडायचं नाही. चप्पल-बूट घालण्याआधी आपटून झटकायचे, दांडीवरचा कपडा अंगात घालण्याआधी झाडायचा. लाकूडफाटा आणि शेणी घराच्या भिंतीला टेकवून रचायच्या नाहीत, आणि ढिगात हात घालण्याआधी काठीनं हलवून बघायचं. भिंतीच्या भेगा लिंपायच्या. जमिनीवर झोपण्यापेक्षा खाट बरी, आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या असल्या तर डासांबरोबर विंचवालाही मज्जाव होतो. विंचवाची एक गंमतही कामाला येते. जांभळ्या-अतिनील प्रकाशाच्या बॅटरीत त्याचं अंग हिरवट चमकतं, त्यामुळे अंधाऱ्या गडग्यावरही तो लपत नाही. पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघालेली मादी, म्हणजे पाठभर चिकटलेली पांढुरकी पिल्लं, या उजेडात एकदा बघितली की ती म्हण पुन्हा कधी नुसती म्हण राहत नाही.

आणि तरीही चावलाच तर? दोरी आवळून बांधायची नाही, ब्लेडनं चिरायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. थंड पाण्याची पट्टी ठेवायची, दिलासा द्यायचा आणि दवाखाना गाठायचा. मूल असेल तर लक्षणांची वाट बघत बसायचंच नाही. आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. घड्याळ बघायचं. "संध्याकाळी कधीतरी" यापेक्षा "साडेआठला चावला, नवाला पहिली उलटी झाली" हे वाक्य डॉक्टरला फार मोलाचं असतं. त्या वाक्यावर उपचार ठरतो. आणि संशोधनाची सुरुवातही अशाच वाक्यापासून होते.

आता त्या मुलीकडे परत जाऊ. डॉक्टर आधी तिच्याकडे वळला असं धरू. गोळी दिली, प्रतिविष होतं तेही दिलं, तिला आडवं ठेवून दर थोड्या वेळानं नाडी आणि दाब पाहिला. रात्र सरत आली. ओरडणारा गडी केव्हाच घोरायला लागलाय. पहाटे साडेचारच्या सुमाराला मुलगी अचानक बोट धरून रडायला लागते. आधी हुंदके, मग मोठ्यानं. आई घाबरून धावत येते, "डॉक्टर, पुन्हा कळ आली हो तिला! इख चढलं काय?"

डॉक्टर उत्तर देण्याआधी मुलीच्या पावलाला हात लावतो. पाऊल गरम आहे. घाम नाही, दाब ठीक आहे. वादळ ओसरलं की दंशाची कळ परत येते, ही खूणही त्याच जुन्या नोंदींतून आलेली. तो आईला खाली बसवतो, भुलीचं इंजेक्शन भरायला घेतो, आणि त्याआधी केस पेपर पुढे ओढून वेळ लिहितो.